हिवताप आणि जिवाणूजन्य रक्तसंसर्ग यांचा सहसंसर्ग

तापाच्या एकाच रुग्णाच्या रक्तात एकाच वेळी हिवतापाचे (मलेरियाचे) परजीवी आणि रोगकारक जिवाणू आढळणे, या अवस्थेला हिवताप आणि जिवाणूजन्य रक्तसंसर्ग यांचा सहसंसर्ग असे म्हणतात. ही अवस्था प्रामुख्याने सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत, प्लास्मोडियम फाल्सिपेरम या परजीवीची लागण झालेल्या पाच वर्षांखालील बालकांमध्ये आढळते. आतड्यांतून रक्तात शिरणारे जिवाणू, विशेषतः विषमज्वर (टायफॉइड) न करणारे साल्मोनेला, हे या सहसंसर्गाचे सर्वांत महत्त्वाचे कारण आहे. दोन्ही आजारांची लक्षणे जवळजवळ सारखी असल्याने केवळ रुग्णतपासणीवरून त्यांत भेद करणे अवघड असते. हिवतापाची चाचणी सकारात्मक आली की तापाचे कारण सापडले असे गृहीत धरले जाते आणि जिवाणूसंसर्ग उपचाराविना राहण्याचा धोका निर्माण होतो. केवळ हिवताप असलेल्या बालकांपेक्षा सहसंसर्ग झालेल्या बालकांमध्ये मृत्यूचे प्रमाण दुपटीहून अधिक असते.

इतिहास

हिवताप आणि विषमज्वर यांच्यातील गोंधळ जुना आहे. अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात, १८६२ च्या सुमारास, लष्करी वैद्य जोसेफ वुडवर्ड यांनी सैनिकांमधील तापाच्या एका प्रकारासाठी ‘टायफो-मलेरियल ताप’ ही संज्ञा वापरली. त्या काळी दोन्ही रोगांचे जंतू अज्ञात होते. १८८० मध्ये अल्फोन्स लाव्हरां यांनी अल्जीरियातील कॉन्स्टंटीन येथे हिवतापाचा परजीवी रुग्णाच्या रक्तात पाहिला आणि त्याच वर्षी कार्ल एबर्ट यांनी विषमज्वराच्या जिवाणूचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर ‘टायफो-मलेरियल ताप’ हा स्वतंत्र रोग नसल्याचे स्पष्ट झाले व ही संज्ञा हळूहळू मागे पडली. मात्र दोन्ही जंतू एकाच रुग्णात असू शकतात, ही शक्यता कायम राहिली.

हिवताप आणि साल्मोनेला यांच्या संबंधाची महत्त्वाची नोंद १९२९ मध्ये जॉर्ज जिलिओली या इटालियन वंशाच्या डॉक्टरांनी केली. ते ब्रिटिश गियानात (आजचा गयाना) काम करीत होते. तेथील पॅराटायफॉइड ‘सी’ या आजाराचे वर्णन करताना, त्याचे रुग्ण बहुधा हिवतापानेही ग्रस्त असतात असे त्यांनी दाखवून दिले. १९६० च्या दशकात उंदरांवरील प्रयोगांत, हिवतापाची लागण झालेल्या प्राण्यांमध्ये साल्मोनेलाचा संसर्ग अधिक तीव्र होतो, हे दिसून आले. १९८७ मध्ये गॅम्बियातील बालकांच्या अभ्यासातून डेव्हिड मेबी व सहकाऱ्यांनी हाच संबंध मानवी रुग्णांमध्ये मांडला.

प्रमाण आणि प्रसार

केनियाच्या किनारपट्टीवरील किलिफी येथील रुग्णालयात तीव्र हिवतापाने दाखल झालेल्या ७८३ बालकांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ७.८ टक्के बालकांच्या रक्तात जिवाणू आढळले. अडीच वर्षांखालील बालकांमध्ये हे प्रमाण १२ टक्के होते. जिवाणूसंसर्ग असलेल्या बालकांपैकी ३३.३ टक्के, तर तो नसलेल्यांपैकी १०.४ टक्के बालके दगावली.

आफ्रिकेतील अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये जेम्स चर्च आणि कॅथरीन मेटलंड यांनी घेतला. त्यानुसार तीव्र हिवताप असलेल्या बालकांपैकी सरासरी ६.४ टक्के बालकांना जिवाणूंचा आक्रमक संसर्ग होता. सहसंसर्ग असलेल्यांत मृत्यूचे प्रमाण २४.१ टक्के, तर केवळ हिवताप असलेल्यांत १०.२ टक्के होते.

प्रौढ रुग्णांमध्ये चित्र वेगळे आहे. व्हिएतनाममध्ये तीव्र फाल्सिपेरम हिवताप झालेल्या ८४५ प्रौढांच्या अभ्यासात दाखल होतेवेळी रक्तात जिवाणू असण्याचे प्रमाण सुमारे १ टक्का होते. ज्यांच्या २० टक्क्यांहून अधिक लाल पेशींत परजीवी होते, अशा रुग्णांमध्ये मात्र ते लक्षणीयरीत्या जास्त होते. प्लास्मोडियम व्हायव्हॅक्सच्या रुग्णांमध्येही सहसंसर्ग नोंदवला गेला आहे, परंतु फाल्सिपेरमच्या तुलनेत त्याविषयीची माहिती मर्यादित आहे.

रुग्णालयातील आकडेवारीचा अर्थ

रुग्णालयात दाखल झालेल्या तापाच्या बालकांची तुलना केल्यास अनेकदा उलट चित्र दिसते. हिवताप असलेल्यांपेक्षा तो नसलेल्यांमध्ये रक्तातील जिवाणूसंसर्गाचे प्रमाण अधिक भरते. हिवताप हा जिवाणूसंसर्गापासून संरक्षण देतो, असा त्याचा अर्थ नाही. हिवताप स्वतःच मोठ्या संख्येने बालकांना रुग्णालयात आणतो. त्यामुळे हिवतापाच्या गटातील एकूण संख्या वाढते आणि त्यातील जिवाणूसंसर्गाचे प्रमाण कमी दिसते. याउलट, हिवताप नसतानाही दाखल करावे लागलेल्या बालकाच्या आजाराला दुसरे काही गंभीर कारण असण्याची शक्यता अधिक असते. निवडीतून निर्माण होणाऱ्या या दोषामुळे केवळ रुग्णालयीन नोंदींवरून कार्यकारणभाव ठरवता येत नाही.

सिकलसेल वाहकांवरील अभ्यास

हा प्रश्न सोडवण्यासाठी किलिफी येथे सिकलसेल जनुकाचा आधार घेण्यात आला. सिकलसेलचे एकच जनुक असलेल्या व्यक्तींना, म्हणजे वाहकांना, तीव्र फाल्सिपेरम हिवतापापासून मोठे संरक्षण मिळते. जिवाणूंवर या जनुकाचा थेट परिणाम होत असल्याचे ज्ञात नाही. म्हणून वाहकांमध्ये जिवाणूसंसर्गही कमी आढळला, तर हिवताप हेच जिवाणूसंसर्गाचे एक मूळ कारण आहे असा निष्कर्ष काढता येतो.

अँथनी स्कॉट व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात नेमके तसेच आढळले. १९९९ मध्ये वाहक बालकांमध्ये रक्तातील जिवाणूसंसर्गाची संभाव्यता इतरांच्या ०.३६ पट होती. त्यानंतरच्या काळात त्या भागातील हिवताप झपाट्याने ओसरला. हिवतापामुळे रुग्णालयात दाखल होण्याचा वार्षिक दर दर हजार बालकांमागे २८.५ वरून ३.४५ वर आला. त्याबरोबर रक्तातील जिवाणूसंसर्गाचा दरही २.५९ वरून १.४५ वर घसरला. २००७ पर्यंत वाहकांना मिळणारे संरक्षण जवळजवळ नाहीसे झाले (०.९९ पट), कारण ज्यापासून रक्षण करायचे तो हिवतापच उरला नव्हता. समाजातील परजीवींचे प्रमाण २९ टक्के असताना, म्हणजे १९९९ मध्ये, बालकांच्या रक्तातील जिवाणूसंसर्गापैकी सुमारे ६२ टक्के प्रकरणे हिवतापाशी निगडित होती, असा अंदाज या अभ्यासाने मांडला. गॅम्बिया आणि टांझानिया येथेही हिवताप कमी होताना साल्मोनेलाचा रक्तसंसर्ग त्याच्याबरोबर घटल्याचे नोंदवले गेले.

कारणीभूत जिवाणू

सहसंसर्गात पुढील जिवाणू आढळतात:

- विषमज्वर न करणारे साल्मोनेला: यांत टायफिम्युरियम आणि एन्टेरिटायडिस हे उपप्रकार प्रमुख आहेत. सधन देशांत हे जिवाणू सहसा अन्नातून होणाऱ्या जुलाबांपुरते मर्यादित राहतात. आफ्रिकेत मात्र ते रक्तात शिरून जीवघेणा ताप आणतात आणि अनेक रुग्णांना जुलाब होतही नाहीत. टायफिम्युरियमचा ‘एसटी ३१३’ नावाचा वंश तेथे मोठ्या प्रमाणावर आढळतो.
- एश्चेरिशिया कोलाय, क्लेब्सिएला आणि आतड्यांतील इतर ग्रॅम-ऋण जिवाणू.
- न्यूमोकॉकस (स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिये).
- स्टॅफिलोकॉकस ऑरियस.
- हिमोफिलस इन्फ्लुएन्झा ‘बी’: लसीकरणानंतर याचे प्रमाण बरेच घटले आहे.
- साल्मोनेला टायफी: विषमज्वराचा हा जिवाणू दक्षिण आशियात विशेष महत्त्वाचा आहे.

विषमज्वर न करणाऱ्या साल्मोनेलाच्या आक्रमक संसर्गाचे २०१७ मध्ये जगभरात सुमारे ५,३५,००० रुग्ण झाले आणि त्यांतील सुमारे ७७,५०० जण दगावले, असा अंदाज आहे. यांतील बहुसंख्य रुग्ण आफ्रिकेतील होते. हिवतापाबरोबरच कुपोषण, तीव्र रक्तक्षय आणि एचआयव्हीचा संसर्ग हे या आजाराचे प्रमुख जोखीमघटक आहेत.

रोगाची यंत्रणा

हिवताप जिवाणूंना रक्तात शिरकाव करू देतो आणि शिरलेल्या जिवाणूंचा नाश करण्याची शरीराची क्षमताही कमी करतो. यामागे अनेक प्रक्रिया एकत्र काम करतात.

आतड्याच्या अडसराची हानी: फाल्सिपेरमने ग्रस्त लाल पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात. आतड्याच्या अस्तरात असे घडल्यास तेथील रक्तपुरवठा खुंटतो आणि अस्तर झिरपू लागते. हिवतापात रक्तातील आर्जिनिन या अमिनो आम्लाचे प्रमाण घटते. ही कमतरता अस्तराची पारगम्यता वाढवते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे.

लाल पेशींचे विघटन: परजीवी बाहेर पडताना लाल पेशी फुटतात व त्यांतील हीम हा लोहयुक्त घटक मुक्त होतो. त्याच्या विषारी परिणामापासून बचाव करण्यासाठी शरीर हीम-ऑक्सिजनेज-१ हे विकर तयार करते. ऑब्रे कनिंग्टन व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की, या प्रक्रियेत अस्थिमज्जेतून अपरिपक्व न्यूट्रोफिल पेशी बाहेर पडतात. या पेशी साल्मोनेलाला गिळतात, परंतु त्याला मारण्यासाठी लागणारी ऑक्सिजनची क्रियाशील रूपे पुरेशी निर्माण करू शकत नाहीत. परिणामी याच पेशी जिवाणूचे आश्रयस्थान ठरतात. हीम-ऑक्सिजनेजला रोखणारे द्रव्य दिल्यावर उंदरांची प्रतिकारक्षमता सुधारली.

भक्षक पेशींवरील ताण: यकृत व प्लीहेतील भक्षक पेशी फुटक्या लाल पेशी आणि हिमोझॉइन हे परजीवीचे रंगद्रव्य गिळण्यात गुंततात. त्यामुळे जिवाणू गाळून काढण्याचे त्यांचे काम मंदावते. दाह आटोक्यात ठेवणाऱ्या इंटरल्युकिन-१० या संदेशक प्रथिनाची वाढलेली पातळीही साल्मोनेलाच्या पथ्यावर पडते.

लोहाची उपलब्धता: पेशींच्या विघटनातून मोकळे होणारे लोह अनेक जिवाणूंच्या वाढीस पोषक ठरते.

लाल पेशींच्या विघटनाचा वाटा मोठा असल्याने हिवतापामुळे तीव्र रक्तक्षय झालेल्या बालकांमध्ये साल्मोनेलाचा संसर्ग विशेषत्वाने आढळतो.

लक्षणे

ताप, थंडी, उलट्या, ग्लानी, जलद श्वास, फिकटपणा आणि प्लीहेची वाढ ही लक्षणे दोन्ही आजारांत दिसतात. सहसंसर्ग निश्चितपणे ओळखून देणारे कोणतेही एक लक्षण नाही. तथापि पुढील परिस्थितींत त्याची शंका घेतली जाते:

- रक्तदाब कोसळणे व हातपाय थंड पडणे. हिवतापातील या अवस्थेला ‘अल्जिड मलेरिया’ असे जुने नाव आहे व तिच्यामागे पुष्कळदा ग्रॅम-ऋण जिवाणूंचा संसर्ग असतो.
- अडीच वर्षांखालील वय, तीव्र रक्तक्षय किंवा कुपोषण.
- रक्तातील परजीवी कमी होऊनही ताप न उतरणे किंवा प्रकृती पुन्हा ढासळणे.
- रक्तातील परजीवींची संख्या अतिशय जास्त असणे.

निदान

हिवतापाचे निदान

रक्तनमुन्याची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी किंवा जलद निदान चाचणी यांद्वारे हिवताप ओळखला जातो. मात्र चाचणी सकारात्मक येणे आणि तापाचे कारण हिवतापच असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हिवतापाचा सतत प्रादुर्भाव असलेल्या प्रदेशांत अनेक व्यक्तींच्या रक्तात कोणत्याही लक्षणांविना परजीवी असतात. तसेच एचआरपी-२ हे प्रथिन ओळखणारी जलद चाचणी यशस्वी उपचारानंतरही काही आठवडे सकारात्मक राहू शकते. त्यामुळे जिवाणूसंसर्गाने आजारी पडलेल्या बालकाच्या रक्तात परजीवी योगायोगानेही आढळू शकतात.

मलावीमध्ये मेंदूच्या हिवतापाचे निदान होऊन दगावलेल्या ३१ बालकांच्या शवविच्छेदनाचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील ७ बालकांच्या मृत्यूचे कारण हिवताप नसून अन्य काही असल्याचे आढळले. डोळ्याच्या दृष्टिपटलावरील हिवतापजन्य बदल हे खरा मेंदूचा हिवताप ओळखण्याचे उपयुक्त चिन्ह ठरले. रक्तद्रवातील एचआरपी-२ ची उच्च पातळी आणि बिंबाणूंची (प्लेटलेट्सची) घटलेली संख्या यांचाही खरा तीव्र हिवताप ओळखण्यास उपयोग होतो.

जिवाणूसंसर्गाचे निदान

ब्लड कल्चर (रक्तसंवर्धन) ही प्रमाणभूत तपासणी आहे. तिचा निकाल येण्यास साधारणतः एक ते तीन दिवस लागतात. बालकांचे थोडेच रक्त घेता येत असल्याने आणि अनेकांना आधीच प्रतिजैविके दिलेली असल्याने ती खोटी नकारात्मक येऊ शकते. याउलट, नमुना घेताना त्वचेवरील जिवाणू मिसळल्यास ती खोटी सकारात्मक येते. ज्या ग्रामीण भागांत सहसंसर्गाचा धोका सर्वाधिक असतो, तेथेच या तपासणीची सोय बहुधा नसते. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन आणि प्रोकॅल्सिटोनिन हे दाहाचे निर्देशक हिवतापातही वाढतात, म्हणून ते येथे फारसे निर्णायक ठरत नाहीत.

विडाल चाचणीच्या मर्यादा

फर्नां विडाल यांनी १८९६ मध्ये मांडलेली ही चाचणी भारतासह अनेक देशांत विषमज्वरासाठी आजही वापरली जाते. ती जिवाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे मोजते. हिवतापात प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या पेशी अविशिष्टपणे उत्तेजित होतात. शिवाय पूर्वीच्या संसर्गाची वा लसीची प्रतिपिंडेही रक्तात असू शकतात. त्यामुळे केवळ हिवताप असलेल्या रुग्णाची विडाल चाचणी सकारात्मक येऊ शकते. ‘मलेरिया आणि टायफॉइड दोन्ही झाले’ अशा निदानांचा मोठा भाग या एकाच चाचणीवर आधारलेला असतो. ब्लड कल्चरने पडताळल्यास खऱ्या सहसंसर्गाचे प्रमाण बरेच कमी भरते.

उपचार

तीव्र हिवतापावर शिरेतून आर्टेसुनेट देणे हा प्रथम पसंतीचा उपचार आहे. त्याची मात्रा शरीराच्या वजनाच्या दर किलोस २.४ मिलिग्रॅम, तर २० किलोंपेक्षा कमी वजनाच्या बालकांसाठी ३ मिलिग्रॅम असते. आर्टेसुनेटचा जिवाणूंवर उपयोग होत नाही. म्हणून तीव्र हिवतापाची शंका असलेल्या बालकांना हिवतापविरोधी औषधाबरोबरच व्यापक परिणामाची प्रतिजैविके लगेच सुरू करावीत आणि जिवाणूसंसर्ग नसल्याची खात्री होईपर्यंत ती चालू ठेवावीत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. यासाठी सेफ्ट्रिअ‍ॅक्झोनचा वापर मोठ्या प्रमाणावर होतो. प्रौढांमध्ये सहसंसर्ग विरळ असल्याने रक्तदाब कोसळणे किंवा जिवाणूसंसर्गाची अन्य चिन्हे असल्यास प्रतिजैविके दिली जातात.

डॉक्सिसायक्लिन आणि क्लिंडामायसिन ही प्रतिजैविके हिवतापाच्या परजीवीवरही परिणाम करतात. तो परिणाम मंद असल्याने ती एकटी न देता जलद परिणामाच्या औषधाबरोबर दिली जातात.

रक्तदाब कोसळलेल्या बालकांना शिरेतून मोठ्या प्रमाणात व वेगाने द्रव देण्याची पूर्वापार पद्धत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फीस्ट’ चाचणीने प्रश्नांकित केली. केनिया, युगांडा आणि टांझानिया येथील ताप व रक्ताभिसरणात बिघाड असलेल्या ३,१४१ बालकांपैकी ज्यांना असे द्रव वेगाने दिले गेले, त्यांच्यात ४८ तासांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे १०.५ टक्के होते. ज्यांना दिले गेले नाही त्यांच्यात ते ७.३ टक्के होते. या बालकांपैकी निम्म्याहून अधिक हिवतापग्रस्त होती.

प्रतिजैविकांच्या वापराविषयीचा पेच

हिवतापाच्या प्रत्येक रुग्णाला प्रतिजैविक दिल्यास बहुसंख्यांना त्याची गरज नसते व जिवाणूंमधील औषधरोध वाढतो. ते न दिल्यास ज्या थोड्यांना गरज असते, त्यांच्या जिवावर बेतते. आफ्रिकेतील साल्मोनेलाच्या अनेक वाणांवर क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि कोट्रायमॉक्सॅझोल ही स्वस्त औषधे निरुपयोगी ठरली आहेत, तर काही वाण सेफ्ट्रिअ‍ॅक्झोनलाही दाद देत नाहीत.

हिवतापाची शंका असलेल्या प्रत्येक रुग्णाची उपचारापूर्वी चाचणी करावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये केली. त्यामुळे हिवतापविरोधी औषधांचा अनावश्यक वापर घटला. मात्र चाचणी नकारात्मक आलेल्या रुग्णांना प्रतिजैविके देण्याचे प्रमाण अनेक ठिकाणी वाढले. ज्यांची चाचणी सकारात्मक येते, त्यांच्यातील जिवाणूसंसर्ग शोधण्याची सोपी व स्वस्त चाचणी उपलब्ध नसणे ही मुख्य अडचण आहे. तोपर्यंत आजाराची तीव्रता, वय, रक्तक्षय आणि पोषणस्थिती यांवरून निर्णय घेतला जातो.

भारतातील स्थिती

भारतात हिवतापाचा भार ओडिशा, छत्तीसगड, झारखंड आणि ईशान्येकडील राज्यांच्या वनक्षेत्रांत एकवटलेला आहे. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. आफ्रिकेच्या तुलनेत येथे विषमज्वर न करणाऱ्या साल्मोनेलाचा रक्तसंसर्ग कमी आढळतो, तर विषमज्वर अधिक आढळतो. पावसाळ्यात हिवताप, डेंग्यू, विषमज्वर आणि लेप्टोस्पायरोसिस यांचे रुग्ण एकाच काळात येत असल्याने निदान अधिक गुंतागुंतीचे होते. मुंबई, कोकण आणि गोवा येथे आढळणारा लेप्टोस्पायरोसिस, तसेच स्क्रब टायफस, हेही जिवाणूजन्य ताप आहेत. त्यांचे जिवाणू नेहमीच्या ब्लड कल्चरमध्ये वाढत नाहीत, त्यामुळे नकारात्मक कल्चरवरून ते नाकारता येत नाहीत.

प्रतिबंध

हिवताप रोखल्याने त्याच्याशी निगडित जिवाणूसंसर्गही कमी होतो, हे किलिफी येथील अनुभवावरून दिसते. कीटकनाशकयुक्त मच्छरदाण्या, घरांतील औषधफवारणी, डासांच्या पैदाशीवर नियंत्रण आणि वेळेवर उपचार ही त्याची मुख्य साधने आहेत. बालकांसाठी ‘आरटीएस,एस’ या हिवतापाच्या लसीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये, तर ‘आर२१’ या लसीची ऑक्टोबर २०२३ मध्ये केली. ‘आर२१’ ही लस ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केली असून तिचे उत्पादन पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूट करते.

न्यूमोकॉकस, हिमोफिलस इन्फ्लुएन्झा ‘बी’ आणि विषमज्वर यांवर लसी उपलब्ध आहेत. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ मध्ये विषमज्वराच्या संयुग्मित लसीची मोहीम बालकांसाठी राबवली. विषमज्वर न करणाऱ्या साल्मोनेलावरील लसी अद्याप चाचण्यांच्या टप्प्यात आहेत. शुद्ध पाणी, स्वच्छता आणि बालकांचे पोषण यांमुळेही या संसर्गांचा धोका घटतो.

हे सुद्धा पहा

- हिवताप
- विषमज्वर
- साल्मोनेला
- सेप्सिस
- सिकलसेल आजार
- प्रतिजैविकरोध